सुट्टीच्या दिवशीच रडू का येतं?

"मॅडम, कामाच्या दिवशी ठीक असते ओ, सुट्टी आली की फोनवर रडत बसते, परत बोलवून घेऊ का?" परदेशात व्हॉलंटिअर म्हणून गेलेल्या पोरांचे आईवडील थोड्याफार फरकाने हेच विचारतात, म्हणून एका मुलीबद्दल लिहिते, तिच्या परवानगीने आणि ओळख बदलून.

पोरगी जुळे सोलापूरची. टांझानियातल्या एका छोट्या गावात गणित शिकवायला गेलेली, राहायला खोली आणि जेवणापुरता भत्ता, पगार नाही. शाळा, वह्या तपासणं, बादलीत कपडे धुणं, यात आठवडा जायचा. दिवाळीला तिथे सुट्टी नाही आणि 14 ऑक्टोबरला न्येरेरे दिनाची सुट्टी असते तेव्हा इकडे सगळे ऑफिसात. त्यात अडीच तासांचा फरक, इकडे दहाला घर आडवं झालं की तिकडे जेमतेम साडेसात. मग दार लावून मोबाईल बघत बसायचं.

व्हिडिओ कॉलवर मला म्हणाली, "मी स्वतःहून आलेय, मग रडायचं कशाला? पप्पा म्हणतात, कोटणीस डॉक्टर युद्धात गेले, तुला शाळेत काय होतंय!"

मी समुपदेशनात अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञांना मानणारी. दुःखापेक्षा 'मला दुःख व्हायलाच नको' हा हट्ट माणसाला जास्त छळतो हे मी वर्षानुवर्षं बघत आलेय.

मी विचारलं, "तुझ्या वर्गातला हॉस्टेलचा पोरगा आईच्या आठवणीने रडला तर त्याला सांगशील का, शिकायला आलायस ना, मग गप बस?"

"छे! जवळ घेईन."

"मग तुला कोण जवळ घेतं तिथे?"

बराच वेळ गप्प. मग हळूच म्हणाली, शेजारची शिक्षिका ईदला बोलवत होती, पण मी टाळलं, मी मदतीला आलेय, त्यांच्यावर भार कशाला.

मला खरी अडचण इथे दिसली. ही पोरगी फक्त देत होती, कुणाचं काही घेतच नव्हती, आणि जो घेत नाही तो त्या गावात पाहुणाच राहतो ना. मी तिला म्हटलं, कोटणीस 1938 साली चीनला गेले ते पप्पांना माहितीय, पण ते तिथली भाषा शिकले, 1941 मध्ये तिथल्याच नर्सशी लग्न केलं, त्या लोकांतलेच झाले, हे पण सांग की त्यांना! ती मोकळी हसली, पहिल्यांदाच.

ख्रिसमसच्या सुट्टीला ती त्याच शिक्षिकेकडे गेली. पिलाऊ केला होता, आणि कोळशाच्या शेगडीवर तेल सोडून चपात्या. हिने लाटायला घेतल्या तर बाईंनी हातातून लाटणं काढून घेतलं, आज तू बस आणि जेव म्हणून. हे सांगताना रडली, पण ते रडणं वेगळं होतं. आपण नेमकं बोट ठेवलं याचं मला फार समाधान वाटलं.

आईवडिलांनो, सणादिवशी दिवसभर व्हिडिओ चालू ठेवू नका, सोलापूरची गड्ड्याची यात्रा लाइव्ह दाखवत राहिलात तर पोरगं तिथे असूनही तिथे नसतं. एक वेळ ठरवून अर्धा तास बोला आणि 'कंटाळा आला का' ऐवजी 'आज कुणाकडे जेवलीस' विचारा. आणि पोरांनो, सुट्टीचा बेत आठवडाभर आधीच कुणासोबत तरी ठरवा, आयत्या वेळी मन होत नाही. मात्र झोप-जेवण उडालं, कामाच्या दिवशीही उठवेना किंवा तिथे सुरक्षित वाटेना, तर संस्थेला सांगून सरळ घरी या, त्यात कसलाही कमीपणा नाही.