मोबुटू गेला, मग काँगो सावरला का नाही?

तुम्ही विचारलंय, हुकूमशहा गेल्यावरही काँगो (किन्शासावाला, पूर्वीचा झाईर) उभा का राहिला नाही, आणि दोष मोबुटूचा की परकीयांचा. मी किन्शासात औषधं आयात करणाऱ्या एका कंपनीचे हिशेब सांभाळायचो. त्यामुळे माझं उत्तर जरा पगाराच्या बाजूने झुकलेलं आहे.

परकीयांचा हात होता, याबद्दल वादच नको. 1960 च्या जूनमध्ये स्वातंत्र्य मिळालं आणि 17 जानेवारी 1961 ला पहिले पंतप्रधान लुमुंबा यांना कटांगा प्रांतात गोळ्या घातल्या. बेल्जियन अधिकारी तिथे हजर होते. सीआयएने लुमुंबांवर विषप्रयोगाचा बेत आखला होता, हे पुढे अमेरिकी सिनेटच्याच चौकशीत बाहेर आलं. 1965 मध्ये मोबुटू सत्तेवर बसला तो याच मंडळींच्या भरवशावर. 1978 मध्ये बंडखोरांनी कोल्वेझी हे खाणींचं शहर घेतलं, तर फ्रान्सने तिथे छत्रीधारी सैनिक उतरवले.

लोक सहसा इथेच थांबतात. पण 1997 मध्ये मोबुटूला हुसकावणारेही बाहेरचेच होते. बंडखोर नेता लॉराँ कबिला पुढे, मागे रवांडा आणि युगांडाचं सैन्य. कबिला राष्ट्राध्यक्ष झाला आणि काँगोच्या लष्करावर प्रमुख म्हणून जेम्स कबारेबे हा रवांडाचा अधिकारी बसला! वर्षभराने कबिलाने रवांडाच्या सैनिकांना घरी जायला सांगितलं आणि ऑगस्ट 1998 मध्ये दुसरं युद्ध पेटलं. अंगोला, झिंबाब्वे, नामिबिया कबिलाच्या बाजूने, रवांडा आणि युगांडा विरुद्ध. 2000 च्या जूनमध्ये तर रवांडा आणि युगांडा किसांगानी शहरात सहा दिवस एकमेकांवरच तोफा डागत होते. दोघांपैकी कुणाचंच ते शहर नव्हतं, मेले मात्र तिथले रहिवासी. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने युगांडाला 32.5 कोटी डॉलर भरपाई द्यायला सांगितलं, तेही 2022 मध्ये.

आता मोबुटूचा वाटा. नदीकाठच्या मतादी बंदरात आमचा कंटेनर उतरला की खरी कसरत सुरू व्हायची. एक सरकारी खातं झालं की दुसरं, प्रत्येकाचा शिक्का, प्रत्येकाची पावती आणि पावतीबाहेरचे पैसे वेगळे. मी वैतागलो की आमचा क्लिअरिंग एजंट हसायचा. म्हणायचा, 'त्या शिक्केवाल्याला पगार कधी मिळालाय ते विचारा आधी.' तिथे 'कलम 15' म्हणून एक जुना विनोद आहे: राज्यघटनेत नसलेलं कलम, अर्थ एवढाच की आपलं आपण भागवा. मोबुटूच्या काळात हाच राज्यकारभार झाला. 1991 मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी अख्खं किन्शासा लुटलं. शिक्षकांचा पगार पालक वर्गणी काढून द्यायला लागले ते त्याच सुमारास, आणि प्राथमिक शिक्षण मोफत करण्याची घोषणा व्हायला 2019 उजाडलं.

म्हणून मला विचाराल तर त्या देशातलं सगळ्यात मोलाचं काम निवडणुकांचं नाही, लष्कराच्या पगारपत्रकाचं. पूर्वी रोकड वरच्या अधिकाऱ्याकडे यायची. तो आपला वाटा काढून खाली द्यायचा, खालचा त्याचा काढायचा, आणि शिपायाच्या हातात उरेल ते. त्यात मेलेले, पळालेले, कधी भरतीच न झालेले सैनिकही हजेरीपटावर, म्हणजे त्यांचे पैसे पुन्हा साहेबांच्याच खिशात. 2005 पासून युरोपीय संघाचे सल्लागार आले. बोटांचे ठसे घेऊन मोजणी झाली आणि हजेरीपट चांगलाच आटला. हुकूम देणारा एक आणि पगार वाटणारा दुसरा, असं केलं. पुढे बँक खातीही आली. परकीय प्रभाव म्हणजे दरवेळी लूटच असं मी म्हणत नाही, ते यामुळे. दुर्दैवाने हे काम अर्ध्यावरच राहिलं. पूर्वेकडच्या जंगलात बँक कुठून आणायची?

त्याउलट डिसेंबर 2018 ची निवडणूक घ्या. कॅथलिक चर्चचे सुमारे 40,000 निरीक्षक केंद्राकेंद्रांवर होते. चर्चने स्पष्ट सांगितलं की जाहीर झालेला निकाल आमच्या आकड्यांशी जुळत नाही. आफ्रिकन युनियनने आधी शंका घेतली आणि मग गप्प बसली. अमेरिकेनेही विजयी म्हणून जाहीर झालेल्या त्शिसेकेदींना मान्यता दिली. सत्तांतर शांततेत झालं ना, मग झालं, असा एकूण सूर. कोबाल्ट आणि तांबं हवं असणाऱ्यांना मतमोजणीपेक्षा शांतता जास्त सोयीची असते. चीनने तर 2008 मध्येच खाणींच्या बदल्यात रस्ते असा सरळ सौदा करून टाकला होता.

जानेवारी 2025 मध्ये रवांडाच्या पाठबळावर एम23 या बंडखोर संघटनेने पूर्वेकडचं गोमा शहर घेतलं. जूनमध्ये वॉशिंग्टनमध्ये काँगो आणि रवांडाचा करार झाला, खनिजांचा विषय त्यालाही चिकटलेला होताच. एम23 मात्र त्या करारात पक्षकार नव्हती. तेव्हा दोष कुणाचा? लुमुंबा ते कबिला निम्म्याहून जास्त बाहेरच्यांचा, हे मी बिनदिक्कत म्हणेन. पण सरकार एवढं पोकळ नसतं, तर रवांडासारखा चिमुकला शेजारी किन्शासापर्यंत चालत आला नसता, आणि ती पोकळी मोबुटूने 32 वर्षं खपून केलेली आहे.