मुलगा होऊन दाखवू नकोस

प्रिय मुली,

तुझं पत्र दोनदा वाचलं. भावाला शहरात क्लास लावला आणि तुझ्या फीची वेळ आली तेव्हा ‘एवढं शिकून करायचंय काय’ असं ऐकवलं गेलं, हे वाचून फार वाईट वाटलं. पण जास्त काळजी वाटली ती तुझ्या शेवटच्या ओळीची. ‘मी यांना मुलगा होऊन दाखवेन,’ असं तू लिहिलंस.

ते करू नकोस, पोरी. ‘ही आमची मुलगी नाही, मुलगाच आहे’ एवढं एक वाक्य ऐकण्यासाठी आयुष्यभर राबलेल्या बायका मी पाहिल्यात. त्यांनी पगार घरी दिला, आईबापांची आजारपणं काढली, भावाचं कर्जही फेडलं. जमिनीचा विषय निघाला त्या दिवशी मात्र त्या पुन्हा परक्याचं धन झाल्या. या परीक्षेत पास होण्याची सोयच नाही, म्हणून तू तिला बसूच नकोस. चांगलं शिक, पण ते तुला शिकायचंय म्हणून.

आईवर तुझा राग आहे, तो खोटा नाही. साताऱ्यात २०११ साली ‘नकोशी’ नावाच्या अडीचशेहून जास्त मुलींना प्रशासनाने समारंभ करून नवी नावं दिली. मुलीचं नाव नकोशी ठेवलं की पुढचा मुलगा होतो, अशी समजूत होती. त्या घरांतल्या आयांना मुलगा होईपर्यंत मान नव्हता. तुझ्या आईनेही असं काही सोसलं असेल. म्हणून ती वागते ते बरोबर ठरत नाही, पण तिच्याशी बोलायला तुला वाट सापडेल. भावाशी वैर धरू नकोस. त्याचं ताट त्यालाच उचलू दे.

जमिनीचं आत्ताच सांगून ठेवते, कारण हे मुलींना वेळेवर कुणी सांगत नाही. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच, जन्मापासूनचा हक्क मिळाला. दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात असायलाच हवेत असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केलं. वडिलांनी स्वतः कमावलेलं मात्र ते मृत्युपत्राने हवं त्याला देऊ शकतात. उद्या कुणी हक्कसोडपत्र पुढे करून ‘माहेर तुटेल’ म्हणालं, तर त्या दिवशी सही करायची नाही. कागद घरी आणायचा, वकिलाला दाखवायचा. मग हक्क सोडायचा तर सोड, तो तुझा निर्णय.

पण ते पुढचं. आत्ता प्रवेशाचं बघ. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल, तर २०२४-२५ पासून राज्यात ओबीसी, एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल) प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून व्हायला हवा, मॅनेजमेंट कोट्यातून नाही. वसतिगृहाचा खर्च यात येत नाही, त्यासाठी वेगळ्या योजना बघाव्या लागतील.

वडिलांशी बोलताना ‘दादाला दिलंत, मग मला का नाही’ इथून सुरुवात केलीस तर भांडणच होईल. आधी फीमाफीचा हिशेब कागदावर मांड आणि तो त्यांच्यापुढे ठेव. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी या आठवड्यातच सेतू केंद्रात जा, जूनमध्ये तिथे रांगा लागतात. दाखला मिळाला की फोन कर, अर्ज आपण दोघी मिळून भरू.

तुझी,
ताई