‘त्या बायकांनी नाही का काढले दिवस?’

*ताई, मी मूळची मिरजेची. लग्न होऊन दीड वर्षापूर्वी कॅनडात आले. आम्ही सस्कॅचेवान प्रांतात, सस्काटून शहरापासून दीडेक तासावरच्या एका छोट्या गावात राहतो. हे पोटॅशच्या (खतासाठी लागणाऱ्या क्षाराच्या) खाणीत इंजिनिअर आहेत. सकाळी अंधारात जातात, संध्याकाळी अंधारात येतात. बाहेर उणे तीस-पस्तीस. मला गाडी चालवता येत नाही. दिवसभर घरात मी आणि वाऱ्याचा आवाज. घरच्या ग्रुपवर बर्फातले हसरे फोटो टाकते, सगळे म्हणतात नशीब काढलंस. मागच्या महिन्यात एका संग्रहालयात गेलो होतो. तिथे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वसाहतकरांचं मातीचं घर उभं केलंय. हे म्हणाले, “बघ, त्या बायकांनी नाही का काढले दिवस? तुझ्याकडे हीटर आहे, वायफाय आहे.” मला बोलताच आलं नाही. हल्ली कारण नसताना रडू येतं. मी फारच नाजूक आहे का?*

— मिरजेची लेक

प्रिय लेकी,

नाजूक नाहीस. आणि तुझ्या नवऱ्याने जो दाखला दिला तो त्याच्यावरच उलटतो. म्हणून आधी त्या बायकांबद्दल बोलू, मग तुझ्याबद्दल.

संग्रहालयातलं मातीचं घर कोरडं असतं, त्याला वरून दिवे लावलेले असतात. खरं घर तसं नव्हतं. प्रेअरीवर, म्हणजे तिथल्या गवताळ माळरानावर, झाडं नाहीत, म्हणून गवताची जमीन नांगराने पट्ट्यापट्ट्यांनी कापायची, मुळांसकट निघालेल्या मातीच्या लाद्या विटांसारख्या एकावर एक रचायच्या. भिंती दोन-तीन फूट जाड. थंडीत ऊब, उन्हाळ्यात गारवा, तेवढं खरं. पण छपरही त्याच मातीचं. बाहेरचा पाऊस थांबला तरी आतला चालूच. चिखलाचं पाणी भाकरीच्या पिठात, पाळण्यात, सगळीकडे. चुलीवर छत्री धरून रांधणाऱ्या बायकांच्या आठवणी आहेत. छपरातून उंदीर पडत, कधी साप. म्हणून छताखाली मलमलीचं कापड ताणून बांधत, म्हणजे जे पडेल ते कापडात पडावं.

सरपण नाही, म्हणून अमेरिकेच्या मैदानात बायका-पोरं रानगव्यांच्या वाळक्या शेणाच्या गोवऱ्या ओच्यात गोळा करत. त्या संपल्या तेव्हा वाळलं गवत पिळून त्याच्या गाठी मारून जाळत, आणि ते इतकं भरकन जळतं की एक माणूस चुलीपाशी अडकूनच राही. पाणी लांबच्या तळ्यातून पिंपात भरून आणायचं, हिवाळ्यात बर्फ वितळवायचा. 1874 साली कॅन्ससपासून डकोटापर्यंत टोळ उतरले. पीक तर गेलंच, टोळांनी दोरीवरचे कपडे आणि अवजारांचे लाकडी दांडे कुरतडले. 12 जानेवारी 1888 ला सकाळ उबदार होती म्हणून मुलं पातळ कपड्यांत शाळेत गेली आणि दिवसा हिमवादळ आलं. नेब्रास्का-डकोटात माणसं घराच्या दारापासून हाकेच्या अंतरावर गोठून मेली. मृतांचा अंदाज सव्वादोनशेच्या वर जातो, त्यात कितीतरी शाळकरी पोरं.

तर कष्ट होते. तुझा नवरा तेवढ्यापुरता बरोबर आहे. पण “काढले दिवस” हे त्याने परस्पर ठरवलं. कॅनडात 1872 च्या कायद्याने दहा डॉलर भरून 160 एकर मिळत, अट एवढीच की तीन वर्षं तिथे राहायचं, घर बांधायचं, जमीन फोडायची. ज्यांनी अर्ज केले त्यांतल्या साधारण दहातल्या चौघांची जमीन कधी त्यांच्या नावावर झालीच नाही. ती माणसं सोडून गेली, कर्जात बुडाली, किंवा मेली. त्यांचं घर कोण संग्रहालयात उभं करणार? जे टिकले त्यांचंच घर आपण तिकीट काढून बघतो आणि म्हणतो, बघा, सगळे टिकले.

आता एकटेपणाचं. तुझ्या पत्रातलं तेच खरं दुखणं आहे, थंडी नव्हे.

वसाहतकरांचा एकटेपणा हा काही निसर्गाने दिलेला नव्हता, तो सरकारी कागदावर आखलेला होता. 160 एकर म्हणजे अर्ध्या मैलाची बाजू असलेला चौकोन. स्वतःच्याच चौकोनात राहायची सक्ती. कॅनडात तर साधारणपणे सम क्रमांकाचे मोठे चौकोन वसाहतकरांना आणि विषम क्रमांकाचे बहुतेक रेल्वे कंपन्यांसाठी राखलेले, म्हणजे शेजारी आणखी लांब. आपल्याकडे गावठाण एकीकडे आणि रान एकीकडे, बाई धुणं धुवायला गेली तरी चार जणी भेटतात. युरोपातले शेतकरीही असेच दाटीवाटीच्या गावांतून आले होते. त्यांना अचानक उघड्या माळावर एकेकटं टाकलं. 1893 साली ई. व्ही. स्मॉली नावाच्या पत्रकाराने अमेरिकेच्या ‘अटलांटिक’ मासिकात यावर लेख लिहिला. प्रेअरीवरच्या शेतकऱ्यांत आणि त्यांच्या बायकांत वेड लागण्याचं प्रमाण चिंता वाटावी इतकं आहे, आणि त्याचं एक मोठं कारण हा एकलकोंडा संसार आहे, असं त्याने स्पष्ट लिहिलं. उपायही सुचवला: घरं एकत्र बांधा, गाव करा.

काहींनी ते आधीच ओळखलं होतं. रशियातून कॅनडात आलेल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी आम्ही आमच्या पद्धतीने गाव करूनच राहू, असा आग्रह धरला. सरकारला पुढे त्यासाठी कायद्यात सोय करावी लागली. घर गावात, शेत बाहेर, तरी जमिनीवरचा हक्क शाबूत. धर्मनिष्ठ, कष्टाळू, काटक माणसं ती. त्यांना कुणी नाजूक म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही.

आणि तुझे ते हसरे फोटो! नेब्रास्काच्या कस्टर काउंटीत सोलोमन बुचर नावाचा फोटोग्राफर 1886 पासून घरोघर फिरून वसाहतकरांचे फोटो काढायचा. त्यात हिल्टन कुटुंबाचा एक प्रसिद्ध फोटो आहे. उघड्या माळावर, गुरांच्या आवारात, सगळं कुटुंब नीटनेटके कपडे घालून उभं, आणि मधोमध भलामोठा पायपेटीचा ऑर्गन. घर कुठेच नाही. कारण बाईसाहेबांना माहेरकडच्या मैत्रिणींना ऑर्गन दाखवायचा होता, पण आपण मातीच्या घरात राहतो हे कळू द्यायचं नव्हतं. म्हणून ते धूड बाहेर ओढत आणलं, फोटो काढला, परत आत ढकललं. मला त्या बाईबद्दल फार माया वाटते. तुझ्याबद्दलही वाटते. पण फोटो पाहून मैत्रिणी म्हणाल्या असतील, “छान चाललंय हिचं,” आणि विषय संपला असेल. तुझ्या ग्रुपवर नेमकं तेच होतंय.

नवऱ्याला सांगायची खरी गोष्ट आता येते. त्या बायका गप्प बसल्या नाहीत. त्यांनी पत्रं लिहिली, आणि तीही अशाच सदरांना. विनिपेगच्या ‘फ्री प्रेस’च्या साप्ताहिक आवृत्तीत लिलियन बेनन थॉमस ‘लिलियन लॉरी’ या टोपणनावाने बायकांचं पान चालवायची. माळावरच्या बायका टोपणनावं घेऊन तिला लिहीत: एकटेपणाबद्दल, नवऱ्याबद्दल, बाळंतपणाबद्दल. जमीन नवऱ्याच्या नावावर, आणि त्याने ती बायकोला न विचारता विकली तर ती काहीच करू शकत नव्हती, हेही त्या पत्रांतून पुढे आलं. लिलियनने त्यावर नुसता धीर दिला नाही. कायदा बदला, असं ती छापून लिहू लागली आणि 1912 साली मताधिकारासाठी संघटना उभी करण्यात तिचा पुढाकार होता. 28 जानेवारी 1916 ला मॅनिटोबात, म्हणजे विनिपेगच्या प्रांतात, बायकांना मत मिळालं, कॅनडात पहिल्यांदा. तुझ्या सस्कॅचेवानात दोनच महिन्यांत, 14 मार्चला.

तुझ्याच भागातली आणखी एक, व्हायलेट मॅकनॉटन. 1909 मध्ये इंग्लंडहून आली, सस्काटूनच्या नैर्ऋत्येला हॅरिस गावाजवळ राहिली. लग्नानंतर वर्षभरातच मोठं ऑपरेशन झालं आणि मूल होण्याची आशा संपली. त्या माळावर डॉक्टर म्हणजे कित्येक मैलांची घोडागाडी, सुईण मिळाली तर नशीब. शेतकरी संघटनेच्या महिला विभागाची ती पहिली अध्यक्ष झाली आणि तिने एकच धोशा लावला: सुईण, नर्स, डॉक्टर, दवाखाना आमच्या आवाक्यात आणा. 1916 मध्ये सस्कॅचेवानात कायदा झाला, त्यामुळे शेजारशेजारच्या पंचायतींना पैसा एकत्र करून दवाखाना बांधता येऊ लागला. पुढे 1925 पासून पंचवीस वर्षं तिनेही वर्तमानपत्रात बायकांचं पान चालवलं. “आधीच्यांनी सोसलं, तूही सोस,” असं म्हणत बसली असती तर त्या प्रांतात बाळंतिणी आणखी किती वर्षं मेल्या असत्या कोण जाणे.

एक गोष्ट संग्रहालयात बहुधा कोपऱ्यातल्या पाटीवर असते, म्हणून इथे सांगते. ती जमीन रिकामी नव्हती. सस्काटूनचा परिसर क्री आणि इतर मूळ रहिवासी लोकांशी सरकारने 1876 साली केलेल्या सहाव्या करारातला. रानगवे संपल्यावर ते लोक उपासमारीत सापडले आणि राखीव जमिनींवर ढकलले गेले. मागे गव्यांची हाडं माळभर पडली होती. ती वेचून रेल्वे स्टेशनावर टनाच्या भावाने विकणं ही कित्येक नव्या वसाहतकरांची पहिली रोख कमाई. आणि तरीही कितीतरी गोऱ्या बायकांची बाळंतपणं स्थानिक आणि मेटी (स्थानिक व युरोपीय अशा मिश्र वंशाच्या) सुइणींनीच केली. एकटीने दिवस काढल्याची गोष्ट तिथेही पुरती खरी नाही.

बरं, आता तू.

कारण नसताना रडू येणं, हे आधी डॉक्टरला सांग. तुमच्याकडे डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या आत सूर्य मावळतो. कमी उजेडाने मन खचणं हा ओळखीचा आजार आहे, त्यावर विशिष्ट दिव्यापासून औषधांपर्यंत उपचार आहेत. दवाखाना लांब असेल तर 811 लाव, सस्कॅचेवानात ती आरोग्याची हेल्पलाइन आहे आणि मनाच्या त्रासाबद्दलही तिथे बोलता येतं. कधी जगणंच नकोसं वाटलं तर 988, रात्री-अपरात्री केव्हाही. हे नंबर फोनमध्ये आजच टाकून ठेव.

आईला खरं सांग. ग्रुपवर नको, ग्रुपवर सांगितलं की मावशीपासून आत्येनणंदेपर्यंत सगळ्या सल्ले देत सुटतील. रात्री नऊला एकटीला फोन कर, मिरजेत तेव्हा सकाळचे साडेआठ असतात, चहा-नाश्ता आटोपलेला असतो. “मला करमत नाही” एवढं म्हटलंस तरी पुरे. ती घाबरेल. घाबरू दे. लेक परदेशात रडते हे कळायचा आईला हक्क आहे.

गावात चर्च असलं तर त्याच्या तळघरात एखाद्या दुपारी बायका गोधड्या शिवायला, नाहीतर पत्ते खेळायला जमत असतील. कॉफी पाणचट असेल आणि उच्चार पहिल्या दिवशी कळणार नाहीत. तरी जा. धर्माची भीती बाळगू नकोस, तिथे गोधडीच शिवतात. हातात सुई असली की बोलायचं दडपण येत नाही. तुझ्या मागच्या पिढीत कुणी वाकळ शिवणारी असेल तर तो टाका दाखव, त्या उठून बघायला येतील.

नवऱ्याशी भांडू नकोस, पण त्या वाक्याचं उत्तर दे. शांतपणे, जेवणं झाल्यावर: “त्या बायकांनी दिवस काढले ते एकमेकींना धरून आणि जे नको ते मोठ्याने सांगून. मी आता सांगतेय.” तो दुष्ट वाटत नाही मला, खाणीतून थकून येणारा, स्वतःही एकटा असलेला माणूस वाटतो. तुला इथे आणलं याचं ओझं त्याला जाणवत असणार, म्हणून त्याने संग्रहालयाचा आडोसा घेतला. महिन्यातून दोन शनिवार-रविवार सस्काटूनला जायचं हे त्याच्याकडून कबूल करून घे. आणि पुढच्या हिवाळ्याआधी शहराजवळ घर घेता येईल का, हा प्रश्न टेबलावर ठेव. मेनोनाइटांनी सरकारकडून करून घेतलं, तुला तर एका माणसाकडूनच करून घ्यायचंय.

आणि गाडी शीक. बाकी सगळं मागे-पुढे झालं तरी चालेल, हे नाही. लर्नर लायसन्सची लेखी परीक्षा आधी दे, पुस्तक घरबसल्या वाचता येतं, दिवस तर तुझ्याकडे आहेतच. शिकवायला मात्र नवरा नको, पैसे देऊन शिक्षक लाव. नवऱ्याकडून गाडी शिकून संसार गोड राहिल्याचं उदाहरण माझ्या टपालात अजून आलेलं नाही. रस्ते सरळ, मोकळे, गर्दी नाही, मिरज स्टेशनाबाहेर रिक्षांतून वाट काढत चाललेल्या मुलीला हे जमेल. बर्फावर ब्रेक कसा दाबायचा ते शिक्षकाकडून मुद्दाम दोनदा शिकून घे. थंडीत इंजिन गोठू नये म्हणून गाडीच्या हीटरची वायर रात्रभर भिंतीतल्या प्लगला लावलेली असते, ती काढल्याशिवाय गाडी हलवू नकोस.

— तुझी ताई