नव्या रहस्यकादंबरीचे परीक्षण लिहिताना

तुम्ही पहिलेच परीक्षण लिहायला घेतले आहे, म्हणून सांगतो: रहस्यकादंबरी दोनदा वाचावी, एकदा साधा वाचक म्हणून आणि दुसऱ्यांदा, खुनी कोण हे ठाऊक असताना, लेखकाने दुवे कुठे आणि किती प्रामाणिकपणे पेरले आहेत हे तपासण्यासाठी. इंग्रज रहस्यकथाकार रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ मध्ये मांडलेल्या रहस्यकथेच्या दहा नियमांपैकी काही आज हास्यास्पद वाटतात, पण गुप्तहेराला सापडलेला दुवा वाचकापासून लपवू नये, हा नियम अजून टिकून आहे.

कथा गोव्यात घडत असेल तर खुनामागचा हेतू बारकाईने पाहा. समजा, म्हापशाच्या एका भाटकाराने, म्हणजे जमीनदाराने, सगळी मालमत्ता मृत्युपत्राने पुतण्याला दिली आणि चिडलेल्या मुलाने वडिलांचा खून केला. प्रसंग रंगतो खरा. परंतु इथल्या वारसा कायद्यानुसार मुले असताना सामान्यतः आपल्या निम्म्याच मालमत्तेचे मृत्युपत्र करता येते, आणि दांपत्याच्या समाईक मालमत्तेत पत्नीचा अर्धा वाटा असतो तो वेगळाच. लेखकाने हे ध्यानात घेतले नसेल, तर खुनाचे कारणच लटके पडते, आणि तसे स्पष्ट लिहावे.

कथानक मात्र पहिल्या चतुर्थांशापलीकडे सांगू नये. ‘शेवटी जबर धक्का बसतो’ एवढे लिहिणेही घातक असते. मी एकदा तसे लिहिले आणि रायबंदरहून चोडणला जाणाऱ्या फेरीबोटीत भेटलेल्या एका वाचकाने, पलीकडचा धक्का लागण्याआधीच, केवळ त्या वाक्यावरून खुनी ओळखून दाखवला.