गच्चीवरची खोली अधूनमधून पाहुण्यांना देतो. वर्षाचे नव्वद हजार रिटर्नमध्ये दाखवावे लागतात का?

हो, दाखवावे लागतात. तुमच्या बाबतीत तर हिशोब जरा नीट बसून करा, कारण तुम्ही लिहिलेला पगाराचा आकडा नेमका अडचणीच्या जागी आहे.

तुमचा प्रश्न असा: नाशिकमध्ये अंबडला नोकरी, पगार साडेबारा लाख, इंदिरानगरात स्वतःच्या नावावर घर, बाहेरून जिना असलेली वरची खोली त्र्यंबकला पूजेला येणाऱ्यांना देता, आणि मित्र म्हणतो की एवढ्याशा रकमेला कोण विचारतंय. आम्हीही गंगापूर रोडला २०१९ पासून हेच करतो. नारायण नागबलीची मंडळी तीन दिवस राहतात, जानेवारी-फेब्रुवारीत द्राक्षमळे आणि वायनरी बघायला मुंबईकर येतात. मित्राचं म्हणणं मीही एक वर्ष ऐकलं होतं.

वर्षाचं बुकिंग पाच लाखांच्या आत असेल आणि पॅन दिलेला असेल तर बुकिंग ॲपवाले टीडीएस कापत नाहीत. म्हणून एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या व्यवहारांच्या वार्षिक यादीत, हे भाडं कदाचित दिसणारही नाही. पण तिथे दिसलं नाही म्हणजे करपात्र नाही, असं होत नाही. पूजेवाले रोख देतात त्यालाही हेच लागू.

कुठल्या सदरात दाखवायचं यावर पूर्वी वाद व्हायचे. २०२४ च्या अर्थसंकल्पाने कायद्यातच लिहिलं की मालकाने राहण्याचं घर किंवा त्याचा भाग भाड्याने दिला तर ते धंद्याचं उत्पन्न धरायचं नाही, ‘हाऊस प्रॉपर्टी’तच दाखवायचं. तुम्ही रोज चादरी बदलून, दोन वेळचं जेवण घालून लॉजिंगच चालवत असाल तर गोष्ट वेगळी, तेव्हा सीएला विचारा. नुसती किल्ली देत असाल तर हाऊस प्रॉपर्टी.

आता गंमत इथे आहे. बँकेत जमा झालेला आकडा धरायचा नाही. ॲप आपलं कमिशन कापून पैसे पाठवतं, आणि मी पहिल्या वर्षी पासबुकावरून बेरीज करून सीएकडे गेले. त्यांनी ॲपवरचं वर्षाचं स्टेटमेंट काढायला लावलं. पाहुण्याने खोलीचे जे दिले ते भाडं. कमिशन, गीझर, गाद्या, वायफाय यांतलं काहीही वेगळं वजा होत नाही. मी त्याच वर्षी साडेनऊ हजारांचा गीझर बसवला होता, त्याची पावती घेऊन गेले होते, ती तशीच पर्समध्ये परत आली. वजा होतं ते एवढंच: त्या खोलीच्या वाट्याची, त्याच आर्थिक वर्षात प्रत्यक्ष भरलेली घरपट्टी, आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के. आणि कर्ज असेल तर व्याज, त्याकडे येतेच.

तुमचे नव्वद हजार हा कमिशन कापण्याआधीचा आकडा धरते. खोलीच्या वाट्याची घरपट्टी ३,००० समजू. राहिले ८७,०००. त्याचे ३० टक्के २६,१००. करपात्र ६०,९००.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करपद्धतीत पगारातून ७५,००० वजा होतात, म्हणजे तुमचे ११,७५,००० उरले. बारा लाखांपर्यंत रिबेट, म्हणजे करमाफी, म्हणून एकट्या पगारावर कर शून्य. त्यात हे ६०,९०० आले की १२,३५,९००. बाराच्या वर गेलात, रिबेट गेला. पूर्ण कर ६५,३८५ निघतो, पण बारा लाखांच्या वर जेवढं गेलं त्याहून जास्त कर घ्यायचा नाही अशी सवलत आहे, म्हणून ३५,९०० आणि त्यावर ४ टक्के सेस, एकूण ३७,३३६. साठ हजारांच्या उत्पन्नावर सदतीस हजार कर! तुमचा पगार अकरा लाख असता तर हेच भाडं दाखवून एक रुपयाही लागला नसता.

म्हणून दडपायच्या ऐवजी ते ३५,९०० कायद्याने कुठे कमी होतात ते शोधा. घरावर कर्ज चालू आहे का? राहत्या भागाचं व्याज नव्या पद्धतीत मिळत नाही, पण भाड्याने दिलेल्या खोलीच्या वाट्याचं व्याज भाड्यातून वजा होतं. फक्त भाड्यापेक्षा व्याज जास्त झालं तर तो तोटा पगारातून वळता होत नाही. क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाटणी करा आणि ती कागदावर ठेवा. कंपनी तुमच्यासाठी एनपीएसमध्ये (राष्ट्रीय पेन्शन योजनेत) भरते का, तेही एचआरला विचारा. कंपनीचा तो वाटा मूळ पगाराच्या १४ टक्क्यांपर्यंत नव्या पद्धतीतही वजा होतो.

कर दहा हजारांच्या वर जात असेल तर ॲडव्हान्स टॅक्स लागतो, शेवटचा हप्ता १५ मार्च, नाहीतर व्याज. हे उत्पन्न कंपनीच्या अकाउंट्सला कळवलं तर ते पगारातूनच कापतात, पण ऑफिसात ‘तुमचं हॉटेल कसं चाललंय’ ऐकायची तयारी ठेवा. जीएसटीची काळजी नको. वीस लाखांच्या आत नोंदणी लागत नाही, ॲपवरच्या बुकिंगचा जीएसटी ॲपच भरतं. मागच्या वर्षांचं राहिलं असेल तर अपडेटेड रिटर्न भरता येतं, कर-व्याजावर पहिल्या वर्षात २५ टक्के जादा, पुढे ५०, ६०, ७०.

घर तुमच्या नावावर आहे हे बरं आहे. आमचं सासूबाईंच्या नावावर, आणि ॲपवर खातं माझं. सीएने विचारलं, “मालक कोण? मग भाडं त्यांचं.” त्यांच्या पेन्शनमध्ये मिळवूनही कर शून्यच आला, पण मी घरी येऊन सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “उत्पन्न माझं ना? मग पैसे माझ्या खात्यात येऊ देत.” तेव्हापासून पैसे त्यांच्याच खात्यात जातात. पाहुण्याचं नाव, तारीख, ॲप का रोख, पूर्ण रक्कम, अशी चार रकान्यांची वही त्या स्वतः लिहितात. आता २०२७ च्या सिंहस्थासाठी फोन येऊ लागलेत, आणि दर किती लावायचा हेही त्याच ठरवतात.