डोकं नाही, की उत्तर मिळालं नाही?

अकरावीची पहिली चाचणी झाली की ‘सायन्स सोडू का?’ हा प्रश्न घेऊन मुलं माझ्याकडे सल्ल्यासाठी येऊ लागतात. परवाची मुलगीही त्यातलीच. (ओळख पटेल असे तपशील गाळलेत.) दहावीला विज्ञानात जवळपास पैकीच्या पैकी मार्क, आणि आता केमिस्ट्रीत 25 पैकी 9. वडील खुर्चीत टेकायच्या आत म्हणाले, “मॅडम, आर्ट्सला टाकू का हिला?” त्यांना मी बाहेर बसवलं.

तिच्या वहीत आवर्तसारणीवर बाण होते. खोडलेले, पुन्हा काढलेले, इतके की कागदाला भोक पडलेलं. “अणूचा आकार कुठे वाढतो, कुठे कमी होतो, रोज पाठ करते. पेपरात उलटंच लिहिते.”

“उलटं का वाटतं?”

बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “एकाच आडव्या ओळीत लिथियमचे 3 इलेक्ट्रॉन, फ्लोरिनचे 9. अणू फुगायला नको का? क्लासमध्ये विचारलं होतं. ‘नियम आहे, पाठ कर’ म्हणाले. सगळे हसले.” त्यानंतर तिने हात वर करणंच सोडलं होतं.

बीएस्सीला केमिस्ट्री होती माझी, पण आता बरीचशी गंजलीय. पुस्तक उघडून दोघी बसलो. लिथियमची त्रिज्या 152 पिकोमीटर, फ्लोरिनची 64. मी एवढंच विचारलं, हे नऊ राहतात किती कवचांत? “लिथियमसारखीच, दोनच.” आणि केंद्रकात प्रोटॉन किती? “तेही नऊ… म्हणजे घर तेवढंच, ओढणारे तिप्पट!” गणात, म्हणजे सारणीच्या उभ्या रांगेत, खाली जाताना सोडियम 186, पोटॅशियम 231 कसं, ते तिनेच सांगितलं: दर वेळी एक नवं कवच.

लगेच बोट पुढे सरकलं. “मग गॅलियम? ॲल्युमिनियम 143, त्याच्याखाली गॅलियम 135. इथे तर नियमच मोडला.” मलाही थांबावं लागलं. पान उलटल्यावर सापडलं: मध्ये स्कँडियम ते झिंक अशी दहा मूलद्रव्यं येतात. केंद्रकात दहा प्रोटॉन वाढतात आणि आतल्या कवचात भरणाऱ्या डी-इलेक्ट्रॉनांची आड फारच तोकडी पडते, म्हणून बाहेरचे इलेक्ट्रॉन आत ओढले जातात.

असं विचारणाऱ्या मुलीला सायन्स जमत नाही, हे मी तरी मानणार नाही. तिचं अडलं होतं त्या हसण्यापाशी. वडिलांना सांगितलं, शाखेचा विषय दिवाळीपर्यंत घरात काढायचा नाही. तिला सांगितलं, बाण पुसून टाक. प्रत्येक नियमापुढे ‘कारण’ लिही, आणि ज्याचं कारण सापडत नाही त्यावर लाल खूण कर. खुणा घेऊन सरांकडे जायचं, पण वर्ग सुटल्यावर, एकटीने. सगळ्यांसमोर विचारायची घाई नको.

तीन आठवड्यांनी आली तेव्हा वहीत अकरा लाल खुणा होत्या, त्यातल्या सात खोडलेल्या. बसायच्या आधीच म्हणाली, “मॅडम, क्लोरिनने एक इलेक्ट्रॉन घेतला तर तो मोठा होणार ना? प्रोटॉन तेवढेच, आणि आत गर्दी वाढली.” मी पुस्तकात पाहिलं. अणू 99, इलेक्ट्रॉन घेतलेला अणू म्हणजे आयन 181.