केमोथेरपी सुरू असताना रेकी घ्यावी का?

प्रश्न : माझ्या आईचे वय 62 आहे. स्तनाच्या कर्करोगासाठी तिची शस्त्रक्रिया झाली असून आता केमोथेरपी सुरू आहे. तिला फार थकवा येतो आणि डोसानंतर दोन-तीन रात्री झोप लागत नाही. आमच्या सोसायटीतील एक काकू रेकी शिकल्या आहेत व आईला ती द्यायला तयार आहेत. रेकी म्हणजे नेमके काय, आणि ती घ्यावी का?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : रेकी ही जपानमधील हस्तस्पर्शाची पद्धती आहे. मिकाओ उसुई यांना 1922 मध्ये क्योटोजवळच्या कुरामा पर्वतावर उपवास व ध्यान करताना तिचा साक्षात्कार झाला, असे तिचे अनुयायी मानतात. पुढे हवायो ताकाता यांनी ती हवाई बेटांवर व अमेरिकेत नेली. देणाऱ्याच्या तळहातांतून जीवनशक्ती घेणाऱ्याकडे वाहते, अशी त्यामागची धारणा आहे. मात्र अशी शक्ती आजवर कोणत्याही उपकरणाने मोजता आलेली नाही.

प्रत्यक्षात आई अंगावरच्या कपड्यांतच पलंगावर स्वस्थ पडून राहील आणि काकू तिच्या डोळ्यांवर, कानांवर, खांद्यांवर, पोटावर काही मिनिटे हात ठेवतील किंवा शरीरापासून थोडे वर धरतील. त्यात चोळणे, दाबणे नसते आणि पोटात कोणतेही औषध जात नाही. त्यामुळे अनेकांना ऊब जाणवते, डुलकी लागते. आजारपणात तपासण्या आणि सुया यांखेरीज कुणाचा हात अंगाला लागत नाही, अशा काळात कुणी मायेने तासभर जवळ बसणे हेही मला मोलाचे वाटते.

पुराव्याचे म्हणाल, तर चिंता व नैराश्यावरील रेकीच्या अभ्यासांचा कोक्रेन या वैद्यकीय संशोधन पडताळणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने 2015 मध्ये आढावा घेतला, तेव्हा ती उपयोगी आहे की नाही हे ठरवण्याइतका पुरावा हाती आला नाही. रेकीने कर्करोग बरा होतो, याला कोणताही आधार नाही. म्हणून केमोथेरपीला पूरक म्हणून ती चालेल. केमोथेरपीऐवजी कदापि नाही. ‘आता औषधे कमी करा’ असे कुणी सुचवले, तर त्या व्यक्तीकडून रेकी घेणे त्याच दिवशी थांबवावे.

सर्वांत आधी आईला स्वतःला ती हवी आहे का, हे विचारा. घरातली मंडळी आजारी माणसाच्या वतीने परस्पर होकार देऊन मोकळी होतात. काकूंनी साबणाने हात धुऊनच सुरुवात करावी, सर्दी-खोकला असेल तर येऊ नये आणि शस्त्रक्रियेच्या जागी हात टेकवू नये. केमोथेरपीत रक्तातील, जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, त्यामुळे ताप 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक झाला, तर रेकीने उतरतो का याची वाट न पाहता, रात्र असली तरी ताबडतोब रुग्णालय गाठावे.

तुम्ही लिहिलेल्या दोन्ही तक्रारी कर्करोगतज्ज्ञांच्या कानावर अवश्य घाला. थकव्यामागे हिमोग्लोबिन कमी झालेले असू शकते. मळमळ होऊ नये म्हणून डोसाबरोबर अनेकदा डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात आणि त्याने झोप उडते. आईलाही ते दिले जात असेल, तर गोळी सकाळीच घेता येईल का, हे पुढच्या डोसाच्या वेळी विचारून घ्या.